घरातली जुनी पद्मिनी पुन्हा चालू करायचीय? मग बॅटरी जोडायच्या आधी हे वाचा

ऑक्टोबर 2023 च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे तारीख आधीच ठरलेली होती.

पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या खासगी पद्मिनी आणि त्याआधीच्या फियाट 1100 अजून बऱ्याच घरांत आहेत. कुठे सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली, कुठे गावाकडच्या शेडमध्ये. मग एखाद्या दिवाळीत सगळे जमले की कुणीतरी म्हणतं, "आजोबांची गाडी पुन्हा चालू करूया का?"

यानंतर बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं जातं, नवी बॅटरी जोडली जाते आणि स्टार्टर मारला जातो. दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान याच दोन मिनिटांत होऊ शकतं. इंजिनाची वेळ येईल, पण त्याआधी दोन गोष्टी बघायच्या आहेत: कागद आणि पत्रा.

गाडी नक्की कुणाच्या नावावर आहे?

आरसी बुक शोधा आणि त्यावरचा चासी नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघा. नंबर गंजाखाली गेला असेल तर हलक्या हाताने साफ करून कागद ठेवा आणि पेन्सिलने छाप घ्या. मधल्या काळात इंजिन बदललं गेलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर हे आत्ताच कळलेलं बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत.

मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म 31 असतो. तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या काही गाड्यांची नोंद ऑनलाइन यंत्रणेत चढलेलीच नसते, त्यासाठी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते. पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण कागद उभेच राहत नसतील तर पत्र्यावर खर्च करण्याआधी घरात एकदा बोलून घ्यायला हवं.

दुसरा रस्ता व्हिंटेज नोंदणीचा. 2021 मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं. 'पद्मिनी' हे नाव 1974 च्या सुमारास आलं, त्यामुळे तिच्या सुरुवातीच्या गाड्या आत्ता कुठे या वयाला पोचतायत. अट मात्र मोठी आहे: रोजच्या वापराला किंवा धंद्याला ही गाडी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

म्हणून रविवारी मंडईत न्यायची गाडी हवीय की जपून ठेवायची, हे पहिल्या आठवड्यातच ठरवा. "यात नवं इंजिन टाकून देतो, मायलेज वाढेल" असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. त्याचं ऐकलं तर व्हिंटेजचा दरवाजा बंद होऊ शकतो.

पत्रा सांगेल ते खरं

1089 सीसीचं हे चार सिलिंडरचं इंजिन साधं आहे आणि ते उघडून बांधणारे जुने हात अजून मिळतात. खरा प्रश्न गंजाचा. फियाट 1100 ची बॉडी मोनोकॉक आहे, म्हणजे जुन्या जीपसारखी खाली वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. त्यामुळे दाराखालची पट्टी कुजली असेल तर तो दिसण्याचा दोष नाही, गाडीचं हाडच कमजोर झालेलं असतं.

तपासायला एक लोहचुंबक पुरतो. त्याला पातळ फडकं गुंडाळा आणि पत्र्यावरून फिरवा. चिकटायचा थांबला की तिथे पत्र्याऐवजी जाड लांबी भरलेली आहे असं समजा. मॅट उचलून फ्लोअर बघा, मग डिकीचा तळ, दारांच्या खालच्या कडा, जॅक लावायच्या जागा आणि पुढचं सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, चांगला पत्रा खणखणतो आणि कुजलेला बद्द वाजतो. मुंबई-कोकणातल्या गाडीला हा वेळ दुप्पट द्या.

दाराखालच्या पट्ट्या कापून नव्या जोडायच्या असतील तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या सळ्या तात्पुरत्या वेल्ड करून घ्यायला सांगा. नाहीतर बॉडी खचते आणि मग दारं बसतच नाहीत.

रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. ब्रेक ड्रममधली धूळ फुंकूही नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओलं फडकं वापरा. आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक स्टँडची जोडी हीच पहिली खरेदी.

उत्साहात सगळी गाडी एकदम खोलणं हा हमखास फसण्याचा मार्ग. अर्धवट खोललेल्या गाड्या शेवटी भंगारात जातात, कारण कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच भाग घ्या. आधी फोटो, मग प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसकट. फाटलेलं रबरही टाकू नका. कुर्ल्यात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पार्ट शोधताना नमुना हातात असला की काम सोपं होतं.

आता इंजिन

चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन-चार दिवस विसरून जा. मग प्लग बाहेरच ठेवून, चौथ्या गियरमध्ये गाडी हाताने हळूच पुढे-मागे करा. इंजिन फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा वाट बघणं, जोर नाही. फिरू लागल्यावर ऑइल आणि रेडिएटरचं पाणी बदला. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा आणि मगच बॅटरी जोडा.

टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं, ते पूर्ण काढून टाका. नव्या पेट्रोलचीही एक अडचण आहे. आता पंपांवर सर्रास मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं ई20. या गाडीचे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केटं त्यासाठी बनलेली नाहीत. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, तडकतं, आणि गळती तापलेल्या इंजिनावर झाली तर आग. हे सगळे भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं.

इंजिन चालू झालं तरी गेटबाहेर काढायची घाई नको. उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल पाणी शोषतं आणि चाकांतले सिलिंडर आतून गंजून अडकतात. चारही ड्रम उघडा, मास्टर सिलिंडर आणि चाकातल्या सिलिंडरची रबरं बदला, नवं ऑइल भरून हवा काढा. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असलेला कोड दिसेल: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आकडे तीनच असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे, नक्षी कितीही शाबूत दिसो. तो बदला, थर्ड पार्टी इन्शुरन्स काढा आणि पहिली फेरी कम्पाउंडमध्येच पहिल्या गियरवर मारून पेडल तळाला जातं का ते बघा.