गोठ्याच्या माळ्यावरचं थ्री नॉट थ्री

या भागात मागे कोंबडा आरवताना ऐकू येईल, त्याबद्दल माफी. मी तो डिंगोऱ्यात, घरीच रेकॉर्ड केलाय. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हे लिखित रूप, थोडं साफसूफ करून.

झालं असं, की जुना गोठा पाडायचा होता. माळ्यावर एक गंजकी ट्रंक निघाली. आत दोन पितळी तांबे, एक कंदील आणि कापडात गुंडाळलेलं एक काडतूस. आजी म्हणाली, "तुझे चुलत पणजोबा पलटणीत होते, त्यांचं असंल." चुलतभाऊ लगेच पक्कड घेऊन आला, गोळी उपटून दारू बघायला. वडिलांना ते ब्रासोने चमकवून शोकेसमध्ये ठेवायचं होतं. या दोन्ही गोष्टी का करायच्या नाहीत, हेच आज सांगायचंय.

आधी ओळख. काडतुसाचं बूड म्हणजे त्याचं आधार कार्ड. आमच्यावर इंग्रजीत के आणि एफ, मधे बाणाची खूण, 43 आणि रोमन सात असं कोरलेलं होतं. के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकीची. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवरचा हा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा आहे. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण, 43 म्हणजे 1943 साल आणि रोमन सात म्हणजे मार्क सात, 1910 मध्ये आलेली टोकदार गोळी. आकडा कोरलेला नसला तरी आकारावरून कळतं. थ्री नॉट थ्रीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि लांबी साधारण 78 मिलिमीटर. नंतरच्या 7.62 ला अशी कड नसते, खाच असते आणि ते 71 मिलिमीटरच्या आसपास भरतं. हा फरक महत्त्वाचा, कारण इशापूरची 7.62 ची टू ए वन रायफल दिसायला अगदी थ्री नॉट थ्रीसारखीच आहे. गोळीच्या टोकाला किंवा मधल्या कॅपभोवती रंग दिसला तर जास्तच सावध व्हा. कॅपभोवती जांभळा असेल तर साधी गोळी. लाल, हिरवा, निळा असेल तर ट्रेसर, चिलखतभेदी किंवा आग लावणारी असू शकते.

पण बूड फक्त जन्मतारीख सांगतं, तब्येत नाही. आणि तब्येतीचा किस्सा थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या, मग काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जायची. पावसाळा संपल्यावर बघतात तर पितळेला भेगा! कुणी हात लावलेला नाही, कुठे आपटलेलं नाही. याला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. कारण नीट उलगडलं ते 1921 मध्ये, मूर आणि बेकिन्सेल या संशोधकांच्या कामातून. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवर काम करतो, आणि जिथे पितळ आधीच ताणलेलं असतं तिथेच ते फाटतं. काडतूस बनवताना पत्रा ओढून पुंगळी करतात, तोंडाशी गोळी घट्ट दाबून बसवतात. म्हणजे ताण तिथे मुक्कामालाच. यावर उपाय म्हणून पुंगळी तापवून तिचा ताण काढायचा.

आता आमचा माळा आठवा. खाली तीन पिढ्यांच्या गाई-म्हशी, वर माळशेजकडून येणारा पाऊस. भिंगातून पाहिलं तर तोंडाशी केसासारखी एक बारीक भेग होतीच. आणि ब्रासोसारख्या पितळ चमकवायच्या पॉलिशमध्येही अमोनिया असतो. वडिलांनी डबा परत ठेवला.

आत काय असतं? मार्क सातमध्ये बहुधा कॉर्डाइट, शेवयांसारख्या काड्या. नायट्रोग्लिसरीन, नायट्रोसेल्युलोज आणि थोडं व्हॅसलीन (हो, तेच). उष्णतेत हे वर्षानुवर्षं हळूहळू कुजतं, आम्ल सुटतं. कॅपमधलं रसायन मात्र ठोका बसला की आजही पेटू शकतं. बंदुकीबाहेर काडतूस फुटलं तर गोळी फार लांब जात नाही, पण पितळेचे तुकडे डोळा घालवायला पुरेसे आहेत. म्हणून पक्कड नको, हातोडी नको, चूल तर नकोच.

"मग हे वापरतं कोण?" असं एका श्रोत्याने विचारलंय. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो, तिथे असा जुना लष्करी माल कायदेशीर विकत मिळतो. त्याचा नियम कडक आहे: भेग, हिरवा गंज, पोचा, हलणारी गोळी, यातलं काही दिसलं की बाद. घोडा ओढून नुसतं 'टक्' झालं तर नळी निशाण्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं, कारण बार उशिरा उडू शकतो. आवाज दबका आला तर पुढचा बार अजिबात नाही. गोळी नळीतच अडकली असेल तर रायफल फाटते. जुन्या कॅपमुळे नळीत मिठासारखे क्षार उरतात, ते तेलाने निघत नाहीत, म्हणून आधी गरम पाणी आणि मग तेल.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही. शस्त्र नियमांत थ्री नॉट थ्री आणि 7.62 च्या रायफली प्रतिबंधित गटात आहेत. म्हणून तर परवानाधारकांकडे.315 दिसते. प्रतिबंधित काडतूस विनापरवाना बाळगलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा 7 ते 14 वर्षं. घाबरू नका, कोर्ट ताबा जाणीवपूर्वक होता का हे बघतं. पण बूड वाचल्यावर मला जाणीव झालेलीच होती. तिथून पुढे उशीर केला असता तर तो माझा. इन्स्टावर स्टोरी टाकणं तर स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करण्यासारखं.

आणि हे निकामी करणं हे घरचं काम नाही, हे पुलगावने दाखवलंय. 20 नोव्हेंबर 2018 ला तिथे जुना दारूगोळा नष्ट करतानाच स्फोट झाला आणि सहा जण गेले.

आम्ही ट्रंक जागेवरच ठेवली, पोरांना बाहेर काढलं, पोलीस पाटलांना फोन केला. (तुमच्याकडे ते नसतील तर 112.) संध्याकाळी पोलीस आले, पंचनामा झाला, दोन सह्या झाल्या, काडतूस गेलं. जाताना हवालदारांनी सहज विचारलं, "एकच होतं ना?"

आजी म्हणाली, "पूर्वी दोन होती."

सकाळीच माळ्यावरचं पितळ आम्ही भंगारवाल्याला दिलं होतं. पोलिसांसोबत ओतूरला त्याच्या दुकानात गेलो, पोतं हळूहळू रिकामं केलं. घागरीचे तुकडे, नळाच्या तोट्या, एक घंटा. काडतूस नव्हतं. आता गोठ्याची एकेक वीट हाताने काढतोय, जेसीबी परत पाठवला.