पार्किंगची इपॉक्सी फरशी : स्वहस्ते करावी की ठेकेदाराला द्यावी?

धंतोलीत ज्याची गाडी स्वतःच्या आवारात उभी राहते, तो गृहस्थ भाग्यवान समजला जातो. सीताबर्डी आणि वर्धा मार्ग यांच्या कुशीत वसलेली ही जुनी बंगल्यांची वस्ती. आता येथे पावलोपावली रुग्णालये आहेत आणि रस्त्यावरील वाहनांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. त्यामुळे घरचा पोर्च म्हणा की इमारतीखालची पार्किंगची जागा म्हणा, तिला आता दिवाणखान्याइतकेच मोल आले आहे. मात्र तिथली जमीन बहुधा साध्या सिमेंटच्या कोब्याची असते. तिच्यावर तेलाचे डाग पडतात, रोज झाडले तरी धूळ सुटत राहते आणि भेगांतून मुंग्या निघतात. मग कोणीतरी इपॉक्सीच्या गुळगुळीत, चकचकीत फरशीचे नाव काढतो आणि घरात चर्चा सुरू होते : डबे आणून आपणच रोलर फिरवावा, की ठेकेदाराला बोलवावे?

आमच्या कुटुंबाने हे दोन्ही मार्ग चोखाळले आणि दोन्हींत हात पोळून घेतले. तो अनुभव येथे मांडण्याचे कारण एवढेच की, आमचा मूळ प्रश्नच चुकला होता.

दोन फरशा, एकच फजिती

चार वर्षांपूर्वी धंतोलीतील घराचा सुमारे २०० चौरस फुटांचा पोर्च मी आणि माझ्या पुतण्याने मे महिन्यात स्वतः रंगवला. त्याच उन्हाळ्यात थोरल्या बंधूंनी अमरावती मार्गावरील वाडी येथील आमच्या गोदामाचे काम एका ठेकेदाराला दिले. पोर्चवर जमिनीची परीक्षा म्हणून आम्ही प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून पाहिला होता. तो कोरडा निघाला आणि आम्ही निर्धास्त झालो. ठेकेदाराने तर तेवढीही तसदी घेतली नाही.

श्रावणात पोर्चच्या एका बाजूला रुपयाएवढे फुगे आले. बोटाने दाबताच ते फुटत आणि आत पाणी दिसे. भाद्रपदात गाडीच्या चाकांखालून पोपडे निघाले. गोदामातही दारालगतच्या पट्ट्यात तेच घडले. ठेकेदाराने करारपत्रातील एक ओळ दाखवली : जमिनीतील ओलीमुळे झालेल्या नुकसानीस हमी लागू नाही. ती ओळ आम्ही वाचलीच नव्हती. वर्षभर रोजमेळाचा पै-पैचा हिशेब पाहणाऱ्या घरात हे घडले, याचे बंधूंना पैशांहून अधिक वाईट वाटले.

त्या पावसाळ्यात माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई पोर्चच्या ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावर घसरली. सुदैवाने खांब हाताशी होता, म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावले. त्या दिवसापासून ही फरशी आमच्यासाठी शोभेचा विषय उरली नाही.

दोष हातांचा नव्हता

इपॉक्सी हा नेहमीच्या अर्थाने रंग नव्हे. रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात एकत्र केले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्यांचे कठीण, अखंड आवरण बनते. हे आवरण पाण्याची वाफ सहजी बाहेर जाऊ देत नाही. त्याचा हा गुण ओल्या जमिनीवर मात्र अवगुण ठरतो. कोब्याखाली प्लॅस्टिकचा थर अंथरलेला नसेल, तर जमिनीतील ओल सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. वाट बंद झाली की ती आवरणालाच उचलते. जुन्या घरांच्या कोब्याखाली असा थर क्वचितच सापडतो. त्यात आपल्या भागातील काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून वरच्या कोब्याला भेगाही पडतात.

मे महिन्यात नागपूरची जमीन भाजून निघालेली असते. त्या वेळी ओलीची परीक्षा घेणे म्हणजे उपवासाच्या दिवशी भूक नसल्याचे प्रमाणपत्र देण्यासारखे आहे. आमची परीक्षा खरी होती, पण वेळ खोटी होती.

परीक्षेची रीत सोपी आहे. सुमारे दीड फूट लांब-रुंद असा पारदर्शक जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवसरात्र तो तसाच राहू द्यावा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळसर झाला असेल, तर ओल आहे. एकाच जागी पाहून थांबू नये. भिंतीलगत, पन्हाळीच्या नळाजवळ, बागेच्या वाफ्याशेजारी आणि मध्यभागी अशा निदान चार ठिकाणी पाहावे. आणि हे सारे पाऊस मुरलेला असताना करावे.

येथे आपल्या घरांतील परंपरा सहजच उपयोगी पडते. चातुर्मासात आपण बांधकामासारखे आरंभ टाळतोच. ते चार महिने केवळ तपासणीचे मानावेत आणि कार्तिक पौर्णिमेनंतर कामाला हात घालावा. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, पांढुरकी साय धरते आणि पुढचा थर तिच्यावर बसत नाही. तेव्हा शास्त्र आणि कारागिरी दोन्ही एकच महिने सुचवतात.

स्वहस्ते कधी करावे?

जागा लहान असावी, चारही ठिकाणी प्लॅस्टिक कोरडे निघावे, कोबा घट्ट असावा आणि त्यात तेल मुरलेले नसावे. या अटी पूर्ण होत असतील तर घरी काम करण्यास हरकत नाही. पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते लगेच शोषले गेले तर पृष्ठभाग आवरण धरील. मण्यांसारखे वर उभे राहिले तर तेल, मेण किंवा जुना लेप आहे असे समजावे.

कष्ट रोलरचे नसतात, पूर्वतयारीचे असतात. बाजारात कोबा खरवडण्यासाठी आम्ल सुचवले जाते. आमचे मत त्याविरुद्ध आहे. आम्लाचा धूर फुप्फुसांना घातक, आणि धुतलेले पाणी नालीत जाऊन किती जीवांची हानी करते, याचा विचार जयणा पाळणाऱ्या घराने अवश्य करावा. त्याऐवजी हिऱ्याच्या चकत्यांचे ग्राइंडर, धूळ ओढणाऱ्या यंत्रासह, एका दिवसापुरते भाड्याने आणावे. सिमेंटची बारीक धूळही तितकीच घातक, म्हणून योग्य मुखपट्टीशिवाय यंत्र सुरू करू नये.

मिश्रणात अंदाज चालत नाही. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला तर थर कायमचा मऊ किंवा चिकट राहतो. डबा उघडल्यावर पूर्ण प्रमाणातच मिसळावा आणि मिसळलेले द्रव्य डब्यात न ठेवता लगेच जमिनीवर ओतून पसरावे. साठवून ठेवले तर ते स्वतःच्या उष्णतेने तापून थिजते. हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ जवळजवळ निम्मा होतो. नागपूरच्या मे महिन्यात काम का फसते, हे यावरून कळावे. दिवस चढताना कोबा तापतो आणि त्यातील हवा फुगून थरात बुडबुडे आणते, म्हणून ऊन उतरल्यावर काम सुरू करणे बरे. डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत थर फार हळू पक्का होतो. या दृष्टीने कार्तिक पौर्णिमेनंतरचे दोन-तीन आठवडे आणि फेब्रुवारी हा उत्तम काळ.

हातात नायट्राइलचे मोजे असलेच पाहिजेत. या द्रव्यांची त्वचेला ॲलर्जी जडली तर ती सहसा आयुष्यभर सुटत नाही. गाडी सात दिवस बाहेर ठेवण्याची तयारी असावी; धंतोलीत तीच कदाचित सर्वांत अवघड अट ठरेल.

ठेकेदाराला कधी द्यावे?

गोदाम, इमारतीची सामाईक पार्किंग, तळघर, तेल मुरलेली किंवा ओल असलेली जमीन यांच्या बाबतीत घरगुती प्रयोग करू नये. ओल रोखणारा विशेष प्रायमर, भेगांची दुरुस्ती आणि मोठ्या यंत्राने घासणे ही कामे अनुभवी माणसांचीच आहेत.

पण ठेकेदार निवडावा कसा? जो जागा न पाहता चौरस फुटाचा भाव सांगतो, त्याला नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा. जो आधी ओल मोजतो, घासणी कशाने करणार ते सांगतो आणि थराची जाडी मायक्रॉनमध्ये लिहून देतो, त्याच्याशी पुढे बोलावे. ओलीची जबाबदारी कोणाची, हे हमीपत्रात स्पष्ट करून घ्यावे.

जाडीचा हिशेब तर आपल्याला सहज जमणारा आहे. ज्या मालात उडून जाणारे द्रावण किंवा पाणी अजिबात नाही, त्याचा १ लिटर माल १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन जाडीचा थर देतो. २००० चौरस फुटांचे गोदाम म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. ३०० मायक्रॉन जाडी ठरली असेल तर साधारण ५६ लिटर माल लागलाच पाहिजे. मालात घन भाग निम्माच असेल तर दुप्पट. काम संपल्यावर रिकामे डबे मोजावेत. भावातील तफावत बहुधा तिथेच सापडते. स्वस्त भाव आणि पातळ थर ही जोडी फार जुनी आहे, आणि पातळ थरच तापलेल्या टायरला चिकटून सर्वांत आधी निघतो.

उघड्या पोर्चसाठी आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ऊन लागले की इपॉक्सी पिवळी पडते, म्हणून वर ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेनचा थर हवा. आणि जिथे पाणी येते तिथे वरच्या थरात बारीक कठीण वाळू मिसळून पृष्ठभाग खरबरीत करावा. चकाकी थोडी कमी होईल, पण घरातील वडीलधाऱ्यांचे पाऊल सुरक्षित राहील.

शेवटी आम्ही काय केले?

पुढच्या पावसाळ्यात आम्ही काहीही न रंगवता फक्त प्लॅस्टिक चिकटवले. पोर्चमध्ये नळाशेजारची बाजू ओली निघाली, उरलेला भाग कोरडा. गच्चीवरून येणारा नळ भिंतीच्या पायाशीच पाणी सोडत होता. तो वळवूनही ओल पूर्ण गेली नाही, म्हणून त्या पट्ट्यात खरबरीत पार्किंग टाइल्स बसवल्या. कोरड्या भागाला पुतण्याने आणि मी फेब्रुवारीत पुन्हा रोलर लावला, या वेळी वाळू मिसळून. वाडीचे गोदाम दुसऱ्या ठेकेदाराकडे गेले. त्याने आधी दोन दिवस केवळ मोजमाप केले. त्याचा भाव पहिल्याहून जास्त होता, आणि बंधूंनी तो घासाघीस न करता मान्य केला. त्यानंतर दोन पावसाळे गेले. दोन्ही फरशा शाबूत आहेत.

तेव्हा ‘स्वतः करावे की करवून घ्यावे’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न जमिनीला विचारायचा असतो, आणि तिचे खरे उत्तर पावसाळ्यातच मिळते. ते ऐकून घेतले की पुढचा निर्णय फारसा अवघड राहत नाही. परवा आई त्याच पोर्चवरून काठी न टेकता फाटकापर्यंत गेली. आमच्या जमाखर्चात तेवढी एक नोंद पुरेशी आहे.