डेकचा खांब वर कोण ढकलतं?

ही गोष्ट आमच्या मागच्या अंगणातली आहे, पण संशोधनाला लागण्याच्या तयारीत असाल तर तुमच्या कामाची आहे. मी यात दोनदा चुकलो. दुसऱ्या चुकीची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

मी मिनियापोलिसमध्ये भाड्याने राहतो. घराच्या मागे डेक आहे. डेक म्हणजे खांबांवर उभा केलेला लाकडी ओटा, उन्हाळ्यात बसायला. त्याची एक बाजू घराच्या भिंतीला बोल्टांनी जोडलेली आणि दुसरी बाजू अंगणातल्या दोन खांबांवर. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटी बघतो तर डेक घराकडे कललेला. बाहेरचे खांब वर आले होते. डावा जास्त, जवळजवळ चार सेंटिमीटर. घरमालक आजोबा खालीच राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे. ते म्हणाले, "तू मातीवरच पीएचडी करतोयस ना? मग सांग की."

मी लगेच सांगितलं. पाणी गोठलं की फुगतं, सुमारे ९ टक्के. जमिनीतलं पाणी गोठलं, माती फुगली, खांब वर आला. याला फ्रॉस्ट हीव म्हणतात. उपायही सांगितला: खांबाचा पाया जमीन गोठते त्याच्या खाली न्यायचा. इथल्या बांधकामाच्या नियमांत ही खोली ४२ इंच आहे, मिनेसोटाच्या उत्तर भागात ६० इंच. आमचे जुने पाये जेमतेम दोन फूट होते. उत्तर तयार, उपाय तयार. मे महिन्यात आम्ही दोघांनी मिळून ४८ इंचांचे खड्डे खणले आणि त्यांत थेट काँक्रीट ओतलं. मी फोटोसुद्धा काढले.

आता जरा थांबा आणि माझं उत्तर तपासा. कागद-पेन्सिल पुरे.

समजा एक मीटर जाडीची माती पूर्ण गोठली. मातीत ४० टक्के पोकळी आहे आणि ती सगळी पाण्याने भरलेली आहे. पाणी ९ टक्के फुगणार, म्हणजे माती वाढणार ४० टक्क्यांच्या ९ टक्के, म्हणजे ३.६ टक्के. मीटरभर मातीला ३.६ सेंटिमीटर. हा झाला सगळं माझ्या बाजूने धरून काढलेला आकडा. प्रत्यक्षात पोकळी क्वचितच पूर्ण भरलेली असते आणि थोडं पाणी गोठता गोठता खाली सटकतं. आमच्या जुन्या पायाखाली तर गोठणारी माती अर्ध्या मीटरच्या आसपासच होती. तरी खांब चार सेंटिमीटर वर. थंड देशांतले रस्ते तर एका हिवाळ्यात याच्या कितीतरी पट उचलले जातात. हिशोब जमत नाही. हा हिशोब मी मे महिन्यात करायला हवा होता. दोन मिनिटांचं काम होतं.

हा घोळ जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही बहुतेक लोक "पाणी फुगतं" यावरच समाधानी होते. साउथ कॅरोलिनामधले भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर नव्हते. त्यांचे १९२९ आणि १९३० चे निबंध आमच्या क्षेत्रात आजही वाचले जातात. त्यांनी काय केलं बघा. मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरलं आणि ते गोठवलं. बेंझिन साडेपाच अंशांना गोठतं, आणि गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. "फुगण्यामुळे माती उचलली जाते" हे खरं असेल तर इथे माती खाली बसायला हवी. ती वर आली.

मला हा प्रयोग फार आवडतो. तो महागडा नाही, अवघडही नाही. टेबरनी एवढंच शोधलं की समोरचं स्पष्टीकरण नक्की कुठे मोडेल, आणि तिथेच बोट ठेवलं. पाण्यावर आणखी शंभर प्रयोग करून दोन स्पष्टीकरणांतला फरक कळला नसता, कारण पाण्याच्या बाबतीत दोन्ही "माती वर येईल" असंच म्हणतात.

मग माती वर येते ती कशाने? पाणी खालून ओढलं जातं म्हणून. शून्याच्या थोडं खाली तापमान गेलं तरी मातीच्या कणाभोवती पाण्याचा अतिशय पातळ थर द्रवच राहतो. (बर्फाच्या पृष्ठभागावर असा थर असावा, हे मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच सुचवलं होतं.) या थरांतून, बारीक भोकांतून, खालचं न गोठलेलं पाणी गोठणाऱ्या जागेकडे चढत जातं, समईच्या वातीत तेल चढावं तसं. वर पोचलं की तिथल्या बर्फाला चिकटतं आणि गोठतं. हळूहळू मातीत शुद्ध बर्फाचे आडवे पापुद्रे तयार होतात, इंग्रजीत त्यांना आइस लेन्स म्हणतात. पापुद्रा जितका जाड होतो तितकी वरची माती उचलली जाते. म्हणजे प्रश्न मातीत आधी किती पाणी होतं हा नसून हिवाळाभर किती पाणी येत राहिलं हा आहे.

त्यामुळे तीन गोष्टी एकत्र लागतात: थंडी, पाण्याचा पुरवठा आणि योग्य माती. माती कुठली, हे बघण्यासारखं आहे. जाड वाळूत भोकं मोठी, वातीसारखी ओढ नाही. अगदी चिकणमातीत ओढ भरपूर, पण भोकं इतकी बारीक की पाणी सरकायला फार वेळ लागतो. मधली गाळाची, पोयट्यासारखी माती सगळ्यात वाईट. तिच्यात ओढही आहे आणि वाटही आहे. आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एक ठोकताळा दिला, तो अभियंते अजून वापरतात: मिश्र आकाराच्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण वजनाने ३ टक्क्यांच्या वर गेले की सावध व्हा. तीन टक्के म्हणजे काहीच नाही हो.

पुढच्या हिवाळ्यात, नव्या पायांवरचा डावा खांब पुन्हा अडीच सेंटिमीटर वर आला.

डेक परत घराकडे कलला. फळ्यांमधल्या फटी बर्फाने बुजलेल्या, त्यामुळे दुपारी वितळलेलं पाणी दाराच्या उंबऱ्याशी येऊन रात्री गोठायचं. मार्चमध्ये एका सकाळी आजोबा तिथे घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मला मात्र ते ४८ इंचांचे फोटो बघवेनात.

गाइडना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या अंगणात न उचललेलं काय आहे?"

होतं की. डेकच्या डाव्या अंगाने कुंपण जातं, लाकडी खांबांचं, सगळे खांब सारख्याच खोलीवर पुरलेले. चौदातले तीन खांब वर आलेले आणि बाकीचे सरळ. ते तीनही छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे पडतं तिथलेच. थंडी तीच, खोली तीच, फक्त पाणी वेगळं. म्हणजे टेबरचा धडा माझ्या खिडकीतून दोन वर्षं दिसत होता. मी उचललेले खांब मोजत होतो, न उचललेल्यांकडे मी बघितलंच नव्हतं.

पण पाया तर गोठण्याच्या खाली होता, मग तो उचललाच कसा? इथे माझी दुसरी चूक. बर्फ खालून ढकलतो एवढंच मी धरलं होतं. गोठलेली माती खांबाच्या बाजूंनाही चिकटते, आणि वर जाताना खांबाला बखोटीला धरून नेते. कॅनडात डिझाइन करताना बारीक मातीत काँक्रीट किंवा लाकडासाठी ही पकड साधारण ६५ किलोपास्कल धरतात. आमचा पाया ३० सेंटिमीटर व्यासाचा, गोठलेली माती मीटरभर. बाजूचं क्षेत्रफळ ०.९४ चौरस मीटर, म्हणजे वर खेचणारा जोर ६१ किलोन्यूटन, सहा टनांच्या वर. रिकाम्या डेकचं एका खांबावर येणारं वजन काहीशे किलो. त्यात आम्ही काँक्रीट थेट खड्ड्यात ओतलेलं, म्हणजे बाजू खडबडीत, आणि खणताना खड्डा वर रुंद, खाली अरुंद झालेला. बर्फाला धरायला याहून चांगला आकार सापडणार नाही. एकदा पाया उचलला की खालच्या पोकळीत माती ढासळते आणि उन्हाळ्यात तो पूर्ण खाली बसत नाही. पुढचा हिवाळा तिथून पुढे सुरू होतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. काळी माती पावसाळ्यात फुगते, फरशा उचलते, भिंतींना तडे पाडते. तिथे बर्फाचा संबंध नाही, चिकणमातीतली खनिजं पाणी पिऊन फुगतात. पण वरचा थर खांबाला धरून उचलतो हे गणित तेच. त्यावर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले पाइल विकसित केले. पाइल हलत्या थरातून खाली, स्थिर मातीत जातो आणि फुगवटा तिथे नांगरासारखा अडकतो. थंड प्रदेशातल्या डेकच्या पायालाही तळाशी असाच रुंद फुगवटा देतात. इथे येऊन अडीच वर्षं झाल्यावर मला हे साम्य दिसलं, आणि मी लातूरचा आहे!

गेल्या उन्हाळ्यात डावा पाया फोडून पुन्हा केला. तळ रुंद. वर गुळगुळीत पुठ्ठ्याच्या नळीत काँक्रीट, म्हणजे पकड कमी. भोवती मातीऐवजी धुतलेली खडी. आणि सगळ्यात स्वस्त काम म्हणजे पन्हळीचं पाणी अंगणाच्या उताराकडे वळवलं, एका पाइपात भागलं. कुंपणाचे तीन खांब हिवाळ्यात हातोड्याने ठोकायचा मोह झाला होता, पण गोठलेल्या मातीत खांब फुटतो, खाली जात नाही. जमीन सुटल्यावर ते उपसून परत बसवले. लाकूडही बदललं तेव्हा एक गोष्ट कळली: हल्लीच्या तांब्याची प्रक्रिया केलेल्या लाकडात साधे खिळे लवकर गंजतात, जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे लागतात.

उजवा पाया मुद्दाम तसाच ठेवला. आजोबांना विचारून. तुलनेला काहीतरी हवं ना. दाराशी मात्र खरखरीत रबराची पट्टी टाकली, त्यात प्रयोग नाही.

नोव्हेंबरपासून दर रविवारी भिंतीवरच्या खुणेपासून दोन्ही खांबांची उंची मोजतोय. या मार्चपर्यंत डावा मोजण्याइतका हललेला नाही, उजवा चार मिलिमीटर वर. लगेच खूश होऊ नका, मीही नाही झालो. यंदा हिम लवकर पडलं आणि टिकलं, आणि हिमाची गोधडी असली की जमीन कमी खोल गोठते. शिवाय डेकच्या खाली हिम पोचत नाही, तिथली जमीन उघडीच. म्हणजे अंगणात मोजलेली खोली डेकखाली लागू पडेलच असं नाही. पन्हळ आणि पाया मी एकाच वेळी बदलले, त्यामुळे श्रेय कुणाचं हेही सांगता येत नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी डेकच्या खाली आणि बाहेर, वेगवेगळ्या खोलीवर सहा तापमापक पुरायचे आहेत. खड्डे आजोबा खणायचं म्हणतायत. मनगट बरं आहे, पण खणणार मीच.