लेणीच्या वाटेवर कुत्र्यासोबत फिरताना

पहाटे मकबऱ्याच्या मागच्या रस्त्याने बुद्ध लेणीकडे फिरायला जाणारे आपले पुष्कळ बंधू-भगिनी आहेत. कुणी साखर आटोक्यात राहावी म्हणून जातो, कुणी गुडघ्यांसाठी, तर कुणाला लेणीत दहा मिनिटे शांत बसायचे असते. मीही जातो. सोबत आमचा मोती असतो. वस्तीत जन्मलेला, साधा गावठी कुत्रा.

मागच्या पावसाळ्यात मी त्याचा पट्टा सोडला होता. घाणेरीच्या झुडपात काहीतरी हलले, मोती आत घुसला आणि केकाटत बाहेर आला. नाकावर रक्त होते आणि झुडपातून मुंगूस पळताना दिसले. घरी आलो तर नातवाने धावत येऊन त्याला मिठी मारली, हातानेच त्याचे तोंड पुसले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मुंगूस दिसणं शुभ असतं, हळद लावा, काही होत नाही."

मला मात्र दोन गोष्टी आठवल्या. नातवाच्या बोटाला आदल्या दिवशी खरचटले होते. आणि मोतीची रेबीजची लस पाच महिन्यांपूर्वीच द्यायला हवी होती. ती आज-उद्या करत राहून गेली होती.

मुंगूस, माकड आणि रेबीज

रेबीज फक्त पिसाळलेल्या कुत्र्यामुळे होतो, असा आपला समज आहे. मुंगूस, कोल्हा, लांडगा, माकड, मांजर अशा कोणत्याही सस्तन प्राण्याकडून तो होऊ शकतो. विषाणू लाळेत असतो. चावाच लागतो असे नाही. ओरखडा पुरेसा आहे, आणि खरचटलेल्या त्वचेला लाळ लागली तरी धोका असतो. एकदा लक्षणे सुरू झाली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. वेळेवर लस घेतली तर मात्र तो टाळता येतो.

म्हणून पहिले काम म्हणजे जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे. १५ मिनिटे म्हणजे घड्याळ लावून १५ मिनिटे. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तिथे ही लस मोफत मिळते. दंडात दिल्यास साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी मात्रा असतात. रक्त आले असेल किंवा जखमेला लाळ लागली असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे. आता पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत नाहीत, त्या भीतीने घरी बसू नये.

नातवाच्या सगळ्या मात्रा पूर्ण केल्या. मोतीची जखम हातमोजे घालून धुतली, त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन लस दिली आणि त्यांनी सांगितले तेवढे महिने मुलांपासून वेगळे बांधले. दोघेही ठणठणीत आहेत. पण ते महिने मी रोज सकाळी आधी मोतीकडे बघायचो, मगच चहा घ्यायचो.

बिबट्या आता दूर राहिलेला नाही

३ डिसेंबर २०१९ रोजी सिडको एन-१ मध्ये भरवस्तीत बिबट्या शिरला होता. त्याला बेशुद्ध करून पकडले गेले. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरी भागात बिबट्या सीसीटीव्हीत दिसला. लेणीचा डोंगर तर शहराला लागूनच आहे.

कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. म्हणजे कुत्रा सोबत आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा हिशेब इथे उलटा आहे. मोकळा कुत्रा पुढे जाऊन बिबट्याला डिवचतो आणि घाबरला की आपल्याकडेच पळत येतो.

बिबट्या दिसला तर पळू नये, खाली बसू नये, वाकू नये. लहान मुलाला उचलून घ्यावे, हात वर करावेत, मोठ्याने बोलत, तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरकावे. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. मोबाईलवर चित्रण करायला गर्दी करू नये. घेरलेला बिबट्या माणसावर उलटू शकतो. वन विभागाला १९२६ वर कळवावे. वस्तीत उघड्यावर कचरा आणि उष्टे टाकले की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. वस्तीची सफाई हासुद्धा बिबट्यापासून बचावच आहे.

साप

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. फुरसे दगडांखाली असते, आणि कुत्रा नाक नेमके तिथेच घालतो. साप चावल्यास घट्ट बांधू नये, कापू नये, चोखू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता ठेवावा, अंगठी-बांगड्या काढाव्यात, १०८ ला फोन करावा आणि सरळ घाटी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, पण ते दवाखान्यातच मिळते. मांत्रिकाकडे गेलेला तास परत येत नाही.

एका भिक्खूचा साप चावून मृत्यू झाल्यावर तथागतांनी सापांच्या कुळांविषयी मैत्री बाळगायला सांगितले, असे पाली साहित्यात आहे. म्हणून साप दिसला की काठी शोधू नका, दोन पावले मागे व्हा. मैत्री ठेवावी आणि उपचारही तातडीने घ्यावा.

फिरायला निघण्यापूर्वी

- कुत्र्याचा पट्टा आखूड ठेवा, झुडपात सोडू नका.
- उजाडल्यावर निघा, अंधार पडण्याआधी परता. शक्यतो दोघे-तिघे मिळून जा.
- कानात इअरफोन नको. हातात काठी आणि टॉर्च, पायात बूट असू द्या.
- परतल्यावर कुत्र्याचे कान, पंजे आणि काखा तपासून गोचीड काढा, मग हात धुवा.
- पिल्लाला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या, नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

आमच्या कॅलेंडरवर आता भीमजयंतीच्या पानावर मोतीच्या लसीची खूण आहे. ती तारीख निवडण्याचे कारण एवढेच, की १४ एप्रिल आमच्या घरात कुणी विसरत नाही.