सरासरी चोख, तरी खेळ अडखळतो

संगणकावर व्हिडिओ गेम सुरू असतो. चित्र छान धावत असते आणि मध्येच क्षणभर थबकते. पुन्हा धावते, पुन्हा थबकते. यावर घरात बहुधा दोन मते उमटतात. मुलाच्या मते ग्राफिक्स कार्ड जुने झाले आहे, नवे घ्यावयास हवे. वडिलांच्या मते ही नवी वस्तू पदरात पाडून घेण्याची सबब आहे. मध्यम प्रतीच्या कार्डालाही आज पंचवीस-तीस हजार रुपये सहज लागतात, त्यामुळे हा वाद लहान राहत नाही. खेद याचा की, दोन्ही मते तपासणीवाचून बनलेली असतात. कधी कार्ड विनाकारण विकत घेतले जाते, तर कधी मुलाची खरी तक्रार खोटी ठरते. पैसा आणि विश्वास या दोहोंचे नुकसान टाळावयाचे, तर आधी दोष नेमका कोठे आहे ते पाहिले पाहिजे.

प्रथम हा दोष म्हणजे काय, ते समजून घेऊ. पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम तयार करण्यास संगणकाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एका फ्रेमला १७४ मिलिसेकंद लागले. एकूण बेरीज बरोबर एक सेकंद, सरासरी बरोबर ६०. कागदावर सारे चोख. डोळ्यांना मात्र तो एक धक्का स्पष्ट जाणवतो. खात्यातील महिन्याची सरासरी शिल्लक भरपूर असूनही नेमक्या एका दिवशी शिल्लक अपुरी पडल्याने चेक न वटता परत जावा, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेतील ‘द टेक रिपोर्ट’चे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये हाच मुद्दा मांडून प्रत्येक फ्रेमचा वेळ स्वतंत्रपणे मोजण्याचा आग्रह धरला. आता जाणकार परीक्षक सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेगही देतात. हे दोन आकडे एकमेकांपासून फार दूर असले, की खेळ अडखळणारच.

महागडे यंत्र हा यावर हमखास उपाय नाही, याचे एक ठळक उदाहरण आहे. जपानच्या फ्रॉम सॉफ्टवेअर कंपनीचा ‘एल्डन रिंग’ हा खेळ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी विक्रीस आला. उत्तमातील उत्तम ग्राफिक्स कार्ड बसविलेल्या संगणकांवरही तो अडखळत होता. त्याच सुमारास व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे, ताकदीने कितीतरी कमी असलेले यंत्र बाजारात आले. काही ठिकाणी हा खेळ एकाच वेळी हजारो लहान लहान साधने स्मृतीत निर्माण करीत असे. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी आपल्या प्रणालीत त्यांची व्यवस्था सुधारली आणि त्या लहान यंत्रावर खेळ अधिक सुरळीत चालू लागला. येथे अडचण खेळाच्या आज्ञावलीत होती. ग्राहकाने कार्ड बदलून ती दूर होणारी नव्हती.

तपासणीचा क्रम बिनखर्ची गोष्टींपासून सुरू करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत नोंदवावा. चार बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि ‘जी’ दाबली, की गेम बार उघडतो. त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांचा वापर खेळता खेळता दिसतो.

पहिला प्रश्न इंटरनेटचा. दुसरे खेळाडू जागच्या जागी उड्या मारताना दिसतात, पण आपली मान वळवली असता दृश्य सलग फिरते, तर दोष जोडणीचा आहे. सारेच चित्र थबकत असेल, तर दोष संगणकात किंवा खेळात शोधावा. खेळाचा एकट्याने, इंटरनेटविना खेळण्याचा भाग असल्यास तो चालवून पाहावा.

दुसरी गोष्ट तारेची. मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डाला जोडलेली आहे की चुकून मदरबोर्डला, हे मागे वाकून पाहावे. मदरबोर्डला जोडली असेल, तर महागडे कार्ड असूनही काम बहुधा प्रोसेसरमधील दुबळ्या ग्राफिक्सवर चालते.

तिसरी गोष्ट पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. आठ जीबी रॅम असताना ब्राउझरची वीस पाने उघडी असतील, तर रॅम भरते आणि संगणक वारंवार डिस्ककडे धाव घेतो. खेळ जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर त्रास वाढतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यालाच ८.३ मिलिसेकंद लागतात. माहितीच्या दोन-तीन तुकड्यांची वाट पाहता पाहता फ्रेमची १६.७ मिलिसेकंदांची मुदत उलटून जाते.

चौथी गोष्ट उष्णतेची. पहिली पंधरा-वीस मिनिटे खेळ नीट चालून मग अडखळू लागत असेल, तर धुळीवर संशय घ्यावा. फार तापलेला प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो. वीज बंद करून, प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढावी.

यानंतरची चाचणी सर्वांत मोलाची. खेळातील रिझोल्यूशन निम्म्यावर आणावे. अडखळणे थांबले, तर भार खरोखरच ग्राफिक्स कार्डावर पडत होता. अडखळणे तसेच राहिले, तर नवे कार्ड घेऊनही फारसा उपयोग नाही. दोष प्रोसेसर, रॅम, डिस्क किंवा खुद्द खेळाचा आहे. पंचवीस हजारांचा निर्णय या दोन मिनिटांच्या चाचणीवर सोपवता येतो.

खेळ नवा असेल, तर आणखी एक निरीक्षण करावे. एखाद्या ठिकाणी प्रथम जाताना धक्का बसतो आणि दुसऱ्यांदा त्याच ठिकाणी बसत नाही, असे झाल्यास कारण बहुधा शेडर हे असते. प्रकाश आणि पृष्ठभाग रंगविण्याच्या या सूचना आपल्या कार्डाच्या भाषेत त्या त्या वेळी बदलल्या जात असतात. ड्रायव्हर नवा केल्यावरही हे काम पुन्हा करावे लागते. काही खेळ आरंभीच ते उरकण्यासाठी काही मिनिटे घेतात. तेवढा धीर धरावा, ते काम मध्येच सोडून देऊ नये.

फ्रेमचा वेग सतत ४० ते ६० यांच्यामध्ये हेलकावत असेल, तर वेगाला मर्यादा घालण्याची सोय बहुतेक खेळांत असते. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर स्थिर ३० फ्रेम पुष्कळदा हेलकावणाऱ्या ५० फ्रेमपेक्षा डोळ्यांना सुखावह वाटतात, कारण प्रत्येक फ्रेम सारखा वेळ पडद्यावर टिकते.

एवढे करूनही दोष राहिला, तर अल्प खर्चाकडे वळावे. हार्ड डिस्क असल्यास एसएसडी. रॅमची एकच पट्टी असल्यास तिच्याच जोडीची दुसरी. दोन पट्ट्या असल्या, की प्रोसेसरला एकाऐवजी दोन मार्गांनी माहिती मिळते आणि संथ फ्रेमची संख्या अनेकदा घटते. नवे कार्ड सर्वांत शेवटी. आणि रिझोल्यूशनच्या चाचणीने तसा कौल दिला असेल तरच.

ही तपासणी मुलाकडूनच करवून घ्यावी आणि पालकांनी शेजारी बसून नोंदी वाचाव्यात. नोंदी कार्डाकडे बोट दाखवीत असतील, तर खरेदीची मागणी आधारासह पुढे येईल आणि ती नाकारताना किंवा मान्य करताना दोघांसमोर तीच वही असेल. धूळ किंवा उघडी राहिलेली वीस पाने हे कारण निघाले, तर पैसे वाचतील. शिवाय मुलाची तक्रार खरी होती, हेही त्या वहीतच दिसेल.