झाकली मूठ कोणाच्या लाभाची?

“झाकली मूठ सव्वा लाखाची” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातील अडचण चारचौघांत सांगत सुटू नये, एवढ्यापुरती ती ठीकच आहे. परंतु हीच म्हण कचेरीचा, कारखान्याचा किंवा दवाखान्याचा नियम होऊन बसली, तर काय होते?

एखादा नवा मुलगा कचेरीत नोकरीला लागतो. कोणती नोंद कोणत्या रजिस्टरात करायची, हे त्याला कोणी नीट सांगत नाही. विचारले तर “शिकाल हळूहळू” असे उत्तर मिळते. चूक झाली की मात्र सर्वांसमक्ष बोलणी बसतात. राखीव जागेवर आलेला असेल तर टोमणाही ऐकावा लागतो. काही दिवसांनी तो विचारणेच सोडून देतो. चूक झाली तर लपवतो. एखादी चांगली सुधारणा सुचली तरी मनातच ठेवतो. यात नुकसान एकट्या त्या मुलाचे होते काय?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासात सापडते. साच्यावर कापड विणताना आडवा धागा धोट्यातून जात असे. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचे, अशी पद्धत होती. तोच धोटा दुसरा कामगारही तोंडाला लावणार! म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात येऊ दिले नाही. विणकराची कमाई सूत कातणाऱ्यापेक्षा अधिक होती. शिवाय गिरणीतले काम शाळेत शिकवले जात नसे. जाणत्या कामगाराच्या शेजारी उभे राहून, बघून, विचारूनच ते शिकावे लागे. म्हणजे एका विटाळापायी आपल्या माणसांची मजुरीही गेली आणि विद्याही गेली.

१९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. तो सहा महिने चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घेण्याचा आग्रह धरला. एका बाजूला कामगारांच्या एकजुटीची हाक द्यायची आणि दुसऱ्या बाजूला सोबत्याच्या ओठांचा विटाळ मानायचा, अशाने एकमेकांवर विश्वास कसा बसावा? तोंडाने धागा ओढणे हे खरे पाहता विणकराच्याही प्रकृतीला अपायकारक होते. पण जेथे माणूस माणसाजवळ उभा राहत नाही, तेथे सर्वांच्या हिताची गोष्ट एकत्र बसून कोण बोलणार?

त्याच काळात जपानमध्ये याच साच्यावर एक निराळा विचार चालला होता. साकिची तोयोदा या गृहस्थाने १९२४ मध्ये एक स्वयंचलित साचा तयार केला. धावत्या साच्यावर धोटा आपोआप बदलला जाई, आणि धागा तुटला की साचा स्वतःच थांबे. दोष दिसताच थांबावे, खराब माल पुढे जाऊ देऊ नये, हा त्यामागील विचार. त्यांच्या मुलाने पुढे मोटारींचा उद्योग काढला व १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. हा विचार तेथे माणसांनाही लागू झाला. मोटारी जोडणाऱ्या कामगाराच्या हाताशी एक दोरी असे. काही चुकते आहे असे वाटले की त्याने ती ओढायची. लगेच त्याचा नायक मदतीला येई, आणि अडचण सुटली नाही तर सारे काम थांबवले जाई. दोरी ओढणाऱ्याला शिक्षा नव्हती. १९५१ पासून तेथे कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धतही सुरू झाली.

कोणी म्हणेल, जपानी माणसेच निराळी! त्याचे उत्तर अमेरिकेत मिळाले. कॅलिफोर्नियातील फ्रीमॉंट येथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे आणि खराब माल यांसाठी तो बदनाम झाला व १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स व टोयोटा यांनी मिळून तो पुन्हा सुरू केला. कामगार बहुसंख्य जुनेच, संघटनाही तीच. बदलली ती फक्त कामाची रीत. गैरहजेरी झपाट्याने खाली आली आणि तेथील मोटारी जपानी मोटारींच्या तोडीच्या ठरल्या. कामाचा ताण तेथे नव्हता असे नाही. हा संयुक्त कारखानाही २०१० मध्ये बंद झाला. परंतु कालचा “नालायक” कामगार आज उत्तम काम करतो, तर नालायकी माणसात होती की व्यवस्थेत, हे आपणच ठरवावे.

आपल्याला हा धडा नवा नाही. आपल्याजवळ आचार्याची झाकलेली मूठ नाही, काही राखून न ठेवता आपण धम्म शिकवला, असे तथागतांनी आपल्या अखेरच्या काळात आनंदाला सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ मध्ये सरकार, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी एका परिषदेत समोरासमोर बसले. वरच्याने हुकूम द्यावा आणि खालच्याने मान डोलवावी, ही रीत मोडण्याचेच हे पाऊल होते.

आज आपल्या समाजातील अनेक बंधू-भगिनी अधिकारी आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. ज्यांच्यासमोर दुसऱ्यांनी मूठ झाकली, तेच खुर्चीवर बसल्यावर आपली मूठ झाकू लागले, तर त्याला काय म्हणावे? मला कळले ते दुसऱ्याला कळले तर माझी किंमत कमी होईल, ही भीती अनेकांच्या मनात असते. ती सोडली पाहिजे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जवळ बसवून काम दाखवावे. कामातील खाचाखोचा वहीत लिहून त्या सर्वांना पाहू द्याव्यात. कोणी आपली चूक स्वतःहून सांगितली तर आधी ती दुरुस्त करावी, बोलायचे ते नंतर आणि एकांतात बोलावे. शिपायाने किंवा कनिष्ठ भगिनीने सुचवलेली गोष्ट साहेबांपुढे मांडताना तिचे नाव घेऊन मांडावी. आणि चहाचा कप सर्वांचा एकच असावा, हे वेगळे सांगायला नकोच.

याची सुरुवात घरातही करता येते. मुलाच्या हातून ग्लास फुटला आणि त्याने तो लपवून ठेवला, तर त्याला रागावण्यापूर्वी आपणच स्वतःला विचारावे, की त्याला सांगण्याची भीती का वाटली? घरात मोकळेपणाने विचारायला शिकलेले मूल उद्या कचेरीतही मान वर करून विचारील, आणि दुसऱ्याने विचारले तर सांगेलही.