मुलांचे भावप्रकटन व घरचे वळण

प्रश्न विचारताच मान खाली घालणारे मूल मंद आणि चटकन रागावणारे मूल उद्धट, असा समज वर्गात सहज होतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. राग, लाज, दुःख या भावना सर्वच मुलांना असतात. परंतु कोणती प्रकट करावी व कोणती आवरावी, हे मूल प्रथम घरी शिकते.

नेपाळमधील खेड्यांत तामांग व ब्राह्मण या दोन समाजांतील लहान मुलांचा अभ्यास पामेला कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. तामांग वडीलधारी माणसे रागावलेल्या मुलास दटावीत, लाजलेल्याची मात्र समजूत घालीत. ब्राह्मणांत समजूत रागावलेल्याची घातली जाई. लाजेकडे दुर्लक्ष होई. एकच भावना एका घरी आवरावयाची, तर दुसऱ्या घरी समजून घ्यावयाची ठरली.

यास्तव शिक्षकांनी घाईने शेरा मारू नये. पालकांना भेटून घरची रीत जाणून घ्यावी. अबोल मुलास प्रथम दोघातिघांत बोलते करावे, मग वर्गासमोर. रागावलेल्यास आपली तक्रार शब्दांत मांडण्यास शिकवावे. घरचे वळण न पुसता त्यात शाळेच्या वळणाची भर घालणे, हेच खरे शिक्षण होय.